आधी खोली, मग कार्ड

महागडे ग्राफिक्स कार्ड घेताना बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. सर्वांत वेगवान कोणते, आणि ते फार तापते का? पहिल्याचे उत्तर बेंचमार्कच्या तक्त्यात शोधले जाते, दुसऱ्याचे पंख्यांच्या संख्येत. तीन पंखे, जाड हीटसिंक, ‘कूलिंग एकदम चांगलंय’ असा दुकानदाराचा दिलासा, की व्यवहार पुरा. संध्याकाळी दोन तास गेम खेळणाऱ्याला एवढे पुरते. पण जे कार्ड रात्रभर ब्लेंडरमध्ये रेंडर काढणार आहे, आठवडाभर एखादे भाषा-मॉडेल शिकवणार आहे किंवा ग्रोमॅक्सवर रेणूंच्या हालचालींचे गणित करणार आहे, त्याच्यासाठी निवडीची ही पद्धत उथळ आहे.

माझे म्हणणे असे आहे: सलग जड कामात कार्डाचा खरा वेग चिपइतकाच, किंबहुना चिपपेक्षा जास्त, उष्णतेच्या वाटेवर ठरतो. चिपमधून हीटसिंकमध्ये, तिथून कॅबिनेटबाहेर आणि शेवटी खोलीबाहेर उष्णता किती वेगाने जाते, तेवढेच काम ते कार्ड तासन्‌तास करू शकते. म्हणून निवडीचा क्रम उलटा हवा. आधी खोली, मग कॅबिनेट, मग वॉट आणि सर्वांत शेवटी कार्डाचे नाव. हा क्रम का, ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

1. जेवढी वीज, तेवढी उष्णता

ग्राफिक्स कार्डाला दिलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. 450 वॉटचे कार्ड म्हणजे 450 वॉटचा हीटर. वर गणित करून देतो एवढाच फरक. कोणताही कूलर ही उष्णता नाहीशी करत नाही, फक्त तिची जागा बदलतो.

ही गोष्ट आत्ताच इतकी महत्त्वाची का झाली? 1974 साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान होत गेले की त्यांचा व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवता येतो. त्यामुळे चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज फारशी वाढत नाही. साधारण 2005च्या सुमारास ही सवलत संपली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र त्या गतीने उतरेना. त्यानंतरच्या वेगवाढीची किंमत वॉटमध्ये मोजावी लागली. एनव्हीडियाच्या घरगुती श्रेणीतले आकडेच पाहा: 2017चे जीटीएक्स 1080 टीआय 250 वॉट, 2020चे आरटीएक्स 3090 350 वॉट, 2022चे 4090 450 वॉट आणि 2025चे 5090 575 वॉट. आठ वर्षांत सव्वादोन पटींहून अधिक. या आठ वर्षांत आपल्या खोल्या मोठ्या झाल्या नाहीत आणि खिडक्याही वाढल्या नाहीत.

2. पाच मिनिटांची चाचणी काय लपवते

उष्णतेच्या वाटेवरची प्रत्येक वस्तू आपापल्या गतीने तापते. चिप काही सेकंदांत तापते. दीड-दोन किलोच्या हीटसिंकला काही मिनिटे लागतात, कॅबिनेटमधल्या धातूला आणि हवेला आणखी थोडा वेळ, आणि खोलीच्या भिंतींना, स्लॅबला, फर्निचरला काही तास. धरणात येणारे पाणी विसर्गापेक्षा जास्त असले तरी पहिल्या दिवशी काही बिघडत नाही, कारण साठवणीला जागा असते. कार्डाचेही तसेच. सुरुवातीची मिनिटे उष्णता धातूत मुरते, पुढचे तास भिंतींत. साठवण भरली की मग खरा विसर्ग किती आहे ते कळते.

बहुतेक बेंचमार्क पाच-दहा मिनिटांत संपतात, म्हणजे साठवण रिकामी असतानाच निकाल लागतो. शिवाय ते बहुधा वातानुकूलित खोलीत, उघड्या टेस्ट बेंचवर किंवा भरपूर हवेशीर कॅबिनेटमध्ये होतात. तिथले 68 अंश हा त्या कार्डाचा कायमचा आकडा नसतो; कार्ड त्या खोलीपेक्षा किती वर गेले, हा खरा आकडा असतो. खोली 22 अंशांवर असताना कार्ड 68 वर स्थिरावले, तर वाढ 46 अंशांची. तेच कार्ड तोच भार आणि तोच पंख्याचा वेग घेऊन 38 अंशांच्या खोलीत ठेवले तर ते साधारण 84 वर जाईल. तिथे एनव्हीडियाच्या अनेक घरगुती कार्डांचे सॉफ्टवेअर क्लॉक खाली ओढू लागते. तक्त्यात दोन कार्डांमध्ये सहा टक्क्यांचा फरक पाहून आपण वीस-तीस हजार रुपये जास्त मोजतो आणि दुपारी दोन वाजता तो फरक हवेत विरतो.

3. खोलीचे गणित

दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण 34 घनमीटर, म्हणजे सुमारे 41 किलो हवा असते. 4090 असलेला पूर्ण संगणक जड कामात भिंतीच्या सॉकेटमधून 650 ते 700 वॉट घेतो असे धरू. दारे-खिडक्या बंद असतील आणि भिंतींनी काहीच शोषले नाही, तर ही हवा मिनिटाला जवळजवळ एक अंशाने तापेल. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता शोषतात, म्हणून खोली हळूहळू तापते आणि म्हणूनच ते लक्षात यायला उशीर होतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता परत सोडतो. ‘रात्री थंडावा असतो, रेंडर रात्री लावू’ हा हिशेब एप्रिल-मे महिन्यांत तिथे चुकतो.

एक टन क्षमतेचा एसी साधारण 3,500 वॉट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या 700 वॉटच्या यंत्राने त्यातला पाचवा हिस्सा आधीच खाल्लेला असतो, माणसांची आणि उन्हाची उष्णता वेगळी. विजेचा हिशेबही इथेच करावा. 700 वॉट अखंड चालले तर दिवसाला 16.8 युनिट, महिन्याला 504. महावितरणच्या घरगुती दरांत 500 युनिटांच्या पुढचा टप्पा सर्वांत महाग आहे आणि हे यंत्र एकट्याने तिथवर नेते. एसीची वीज त्यावर चढते.

महाराष्ट्रात खोली हा एकच प्रश्न नाही, तो प्रदेशागणिक बदलतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात, पण हवा कोरडी असते. त्यामुळे साधा वाळ्याचा कूलर खोलीतली हवा बरीच उतरवतो. कार्ड खोलीपेक्षा गरमच असल्याने त्या ओलाव्याचे थेंब कार्डावर धरत नाहीत. पण कूलरसोबत येणारी धूळ ओलसर हवेत हीटसिंकच्या पात्यांमध्ये घट्ट बसते आणि काही महिन्यांत वाट बुजते. कोकणात कूलरचा उपयोग नाही. तिथे दमट, खारी हवा धातूला खाते, म्हणून बंद खोली आणि एसी परवडत नसेल तर कमी वॉटचे कार्ड हाच शहाणपणाचा मार्ग. पुण्यात वर्षातले बरेच महिने एक चांगला एक्झॉस्ट फॅन आणि समोरची उघडी खिडकी एवढ्याने काम भागते. ज्याला आपल्या खोलीतले मे महिन्यातले दुपारी तीनचे तापमान ठाऊक नाही, त्याने अडीच-तीन लाखांचे कार्ड निवडायला बसू नये.

4. कॅबिनेट: हवा किती आणि कुठून

600 वॉट उष्णता वाहून नेताना हवा फक्त 10 अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे 50 लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण 105 घनफूट हवा कॅबिनेटमधून आरपार जायला हवी. 120 मिलिमीटरच्या पंख्यावर 60-70 घनफूट असा आकडा छापलेला असतो, पण तो अडथळा नसताना मोजलेला. पुढे काच, जाळी आणि धुळीचा फिल्टर आला की प्रत्यक्षातला प्रवाह बराच खाली येतो. समोर काचेची भिंत असलेले देखणे कॅबिनेट या कामाला नको, मग ते कितीही आवडो.

कार्डाची रचनाही इथेच ठरते. बाजारातली बहुतेक महागडी कार्डे उघड्या पंख्यांची असतात, म्हणजे ती उष्ण हवा कॅबिनेटमध्येच सोडतात. एकच कार्ड असेल आणि कॅबिनेट हवेशीर असेल तर ही रचना उत्तम आणि शांत. दोन कार्डे एकावर एक आली की वरचे कार्ड खालच्याची गरम हवा ओढते. खालचे 70 वर आणि वरचे 85 वर, हे दृश्य दोन कार्डांच्या यंत्रांत नेहमीचे. अशा वेळी ब्लोअर रचना लागते. ती एका टोकाने हवा ओढून मागच्या पट्टीतून थेट कॅबिनेटबाहेर फेकते. तिचा आवाज मोठा, म्हणून 2018 मध्ये आरटीएक्स 20 मालिकेपासून एनव्हीडियाने स्वतःच्या घरगुती कार्डांत ती सोडली. व्यावसायिक कार्डांत मात्र ठेवली, आणि त्यामागे कारण आहे.

तिसरा प्रकार बिनपंख्याच्या सर्व्हर कार्डांचा. टेस्ला पी40 हे 2016चे 24 जीबी मेमरीचे कार्ड जुन्या बाजारात स्वस्त मिळते म्हणून अनेकांना मोह होतो. त्याला स्वतःचा पंखाच नाही. सर्व्हरच्या पेटीतल्या जोरदार पंख्यांनी हवा ढकलायची, असे त्यात गृहीत धरले आहे. घरच्या कॅबिनेटमध्ये नळकांडे आणि पंखा जोडण्याची तयारी नसेल तर 250 वॉटचे हे कार्ड काही मिनिटांतच गुडघे टेकते.

5. एका आकड्यावर विश्वास ठेवू नका

‘माझे कार्ड 70 अंशांवर असते’ असे कोणी म्हणाले की मी विचारतो, कुठले 70? स्क्रीनवर सहसा दिसते ते चिपचे तापमान. जड कामात आधी थकतात ते बहुधा दुसरेच भाग.

आरटीएक्स 3090 हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या 24 जीबी जीडीडीआर6एक्स मेमरीसाठी 24 चिपा लागल्या. बारा समोर, बारा बोर्डाच्या पाठीमागे. समोरच्यांना हीटसिंक आणि पंखे मिळाले, मागच्यांच्या वाट्याला पॅड आणि धातूची पाटी. गेममध्ये ते निभावले. पण 2021 मध्ये हीच कार्डे इथेरियमच्या मायनिंगला चोवीस तास जुंपली गेली, आणि ते काम मेमरीवरच ताण देणारे. चिप आरामात साठीत असताना मेमरी 100 अंशांच्या वर जाई आणि 110ला कार्ड स्वतःला आवरू लागे. चिपचा आकडा पाहून समाधान मानणाऱ्याला वेग का घसरला ते कळतच नसे. 2022च्या 3090 टीआयमध्ये दुप्पट क्षमतेच्या बारा चिपा एकाच बाजूला आल्या आणि प्रश्न पुष्कळसा मिटला, जरी वॉट 350 वरून 450 झाले होते. मोठ्या भाषा-मॉडेलकडून एकेक शब्द काढून घेण्याचे कामही मेमरीच्या वाहतुकीवरच अडते. त्यामुळे आज 24 जीबीसाठी जुने 3090 घेणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. घेण्याआधी अर्धा तास भार देऊन मेमरीचे तापमान बघावे आणि घेतल्यावर पॅड बदलण्याचा खर्च धरावा.

दुसरी खूण म्हणजे चिपचे सरासरी तापमान आणि तिच्यावरचा सर्वांत तापलेला बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, यांतले अंतर. ते दहा-पंधरा अंश असेल तर ठीक. 2022च्या अखेरीस आलेल्या एएमडीच्या आरएक्स 7900 एक्सटीएक्सच्या काही मूळ रचनेच्या कार्डांत हॉटस्पॉट 110 वर जात होता. व्हेपर चेंबरमध्ये पाणीच कमी भरले गेले होते, हे कंपनीने जानेवारी 2023 मध्ये मान्य केले. नुसते सरासरी तापमान पाहणाऱ्याला हा दोष सापडला नसता. म्हणूनच आरटीएक्स 50 मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा वापरणाऱ्याला दिसेनासा झाला, ही मला खटकणारी गोष्ट आहे. जड कामासाठी पैसे मोजणाऱ्याच्या हातून निदानाचे एक साधन काढून घेतले गेले.

तिसरी जागा विजेच्या जोडणीची. 575 वॉट 12 व्होल्टवर म्हणजे जवळजवळ 48 अँपिअर, ते सहा तारांत वाटले तर प्रत्येकीला आठ. त्या पिनांची मर्यादा 9.5 अँपिअर. उरते ती सवड फार थोडी, आणि वाटणी समान होते आहे का हे 4090-5090चे बहुतेक बोर्ड तपासत नाहीत. ऑक्टोबर 2022 पासून वितळलेल्या कनेक्टरांची छायाचित्रे येऊ लागली. कनेक्टर पूर्ण न बसणे हे एक कारण निघाले आणि पुढे त्याची रचनाही सुधारली गेली. तरी थोड्या सवडीवर दिवसचे दिवस पूर्ण प्रवाह खेचणे हे गेमपेक्षा वेगळेच प्रकरण आहे.

6. सर्वांत प्रभावी कूलर: वॉटची मर्यादा

चिपची वीज साधारणपणे क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वाढवायला व्होल्टेजही वाढवावा लागतो, त्यामुळे वरच्या टोकाला शेवटच्या थोड्या टक्क्यांसाठी अवाच्या सवा वॉट जातात. कंपन्या कार्डे नेमकी त्याच टोकाला आणून विकतात, कारण तक्त्यात वर दिसण्याची स्पर्धा आहे.

याचा उलटा फायदा आपल्याला घेता येतो. 4090ची मर्यादा 450 वरून 315-340 वॉटवर आणली तर बहुतेक कामांत वेग एक आकडी टक्क्यांनीच घटतो. एनव्हीडिया-एसएमआय या आज्ञावलीत एका ओळीचे हे काम. तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने मर्यादा 75 टक्क्यांवर आणली की कनेक्टरमधली उष्णता 56 टक्क्यांवर येते. पंखे हळू फिरतात, खोली कमी तापते, बिल उतरते. हजारो रुपयांचा दुसरा कोणताही कूलर चिप, मेमरी, कनेक्टर, कॅबिनेट आणि खोली या पाचही ठिकाणी एकदम काम करत नाही.

हा काही हौशी लोकांचा जुगाड नव्हे. एनव्हीडियाचे 2025चे आरटीएक्स प्रो 6000 ब्लॅकवेल दोन रूपांत मिळते. वर्कस्टेशन रूप 600 वॉटचे, मॅक्स-क्यू रूप 300 वॉटचे आणि ब्लोअरचे. मेमरी दोन्हींत 96 जीबी, गणनाकेंद्रांची संख्याही तीच. कंपनीच्याच कागदांवर एक 125 टेराफ्लॉप्सचे, दुसरे 110चे. निम्म्या विजेत कागदी क्षमता फक्त बारा टक्क्यांनी कमी. एका पेटीत चार कार्डे सलग चालवणाऱ्यांसाठी कंपनी स्वतः कुठला मुद्दा मोलाचा मानते, ते यावरून कळते.

आक्षेप आणि उत्तरे

‘कार्ड तापले तर स्वतःच वेग कमी करते, मग चिंता कशाला?’ ते संरक्षण चिप वाचवण्यासाठी आहे, तुमची मुदत वाचवण्यासाठी नाही. आणि तो पहारा कार्डापुरताच असतो. मदरबोर्डवर बरेचदा कार्डाच्या अगदी खालीच बसलेल्या एसएसडीला आणि एसएमपीएसला शेजारच्या उष्णतेचा त्रास होतच असतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मे होते, हा तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा आहे.

‘चिपा 90 अंशांपर्यंत चालतील अशाच बनवलेल्या असतात.’ हे खरे आहे, आणि 75 अंश पाहून घाबरणाऱ्यांना मीही हेच सांगतो. एका स्थिर तापमानावर सलग चालणे हे रोज अनेकदा तापून निवण्यापेक्षा डाखांच्या जोडांना सोसवते, हेही मान्य. माझा मुद्दा 75 आणि 80 यांतल्या फरकाचा नाही. सवड किती उरली, याचा आहे. जानेवारीत 80वर चालणाऱ्या कार्डाला मे महिन्यासाठी काही उरत नाही.

‘वॉटच कमी करायचे तर लहान कार्ड घ्यावे.’ हा आक्षेप सर्वांत गंभीर. पण मोठी चिप हळू चालवणे आणि लहान चिप ताणून चालवणे यांत तेवढ्याच विजेत पहिली जास्त काम करते, कारण ती कमी व्होल्टेजवर जगते. शिवाय मोठ्या कार्डाची मेमरी आणि तिची रुंद वाट वॉट उतरवल्यावरही बव्हंशी तशीच राहते. मॉडेल 24 जीबीत मावते आणि 16 जीबीत मावत नाही, हा फरक कोणत्याही क्लॉकने भरून निघत नाही. ज्याचे काम 16 जीबीत सहज बसते त्याने मात्र जरूर लहान कार्ड घ्यावे.

‘वॉटर कूलिंग करून टाकू.’ पाणी उष्णता चिपपासून रेडिएटरपर्यंत फार चांगली नेते. पुढे रेडिएटर ती त्याच खोलीत सोडतो. अनेक कार्डे दाटीने बसवायची असतील तर पाण्याला पर्याय नाही. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकात थेट द्रवाने थंड करण्याची व्यवस्था आहे, पण तिथे ती उष्णता इमारतीबाहेर नेणारी यंत्रणाही आहे. घरात एका कार्डासाठी पंप, गळती आणि देखभाल पदरात घेण्याइतका लाभ मला दिसत नाही.

मग खरेदी कशी करावी

आधी खोलीत किती वॉट सतत सोडता येतील ते ठरवा. पंख्यावर चालणाऱ्या मध्यम खोलीत पूर्ण संगणकासाठी 400-450 वॉट ही माझ्या मते सुज्ञ मर्यादा. एसी किंवा एक्झॉस्ट असेल तर 700. त्यातून इतर भागांचे 150 वजा करा, उरते ते कार्डाचे. मग कामाला किती मेमरी लागते ते पाहा. ती मेमरी देणारे, आणि त्या वॉटच्या मर्यादेत बांधून घालता येणारे मोठ्यात मोठे कार्ड निवडा. दोन किंवा अधिक लागणार असतील तर ब्लोअर. एकच असेल तर उघड्या पंख्यांचे, जाळीदार कॅबिनेटमध्ये.

कार्ड आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत, स्वतःच्या खोलीत, कॅबिनेट बंद करून, आपले खरे काम किमान तीन तास चालवावे. पहिल्या दहा मिनिटांतला क्लॉक आणि तिसऱ्या तासातला क्लॉक लिहून ठेवावा. मेमरीचे तापमान आणि खोलीचे तापमानही. कार्ड वेग का आवरते आहे, ठरवलेल्या वॉटमुळे की उष्णतेमुळे, हे एनव्हीडिया-एसएमआय वेगवेगळे दाखवते. कारण ठरवलेले वॉट असेल तर यंत्र आपल्या आखणीप्रमाणे चालले आहे. कारण उष्णता असेल तर मर्यादा आणखी 30 वॉटने उतरवून चाचणी पुन्हा लावावी. दोन क्लॉकांत फरक उरला नाही की ती मर्यादा कायम करावी, आणि मे महिन्यात हीच चाचणी एकदा पुन्हा करावी.